इम्प्लांटपाशी अन्न अडकतंय? आधी ते वरून घुसतंय की बाजूने, ते बघा

इम्प्लांट (गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला धातूचा स्क्रू) नीट बसलंय, त्यावरची कॅप, म्हणजे कृत्रिम दात, शेजारच्या दातासारखीच दिसते, चावायलाही काही त्रास नाही. पण दर जेवणानंतर त्याच एका जागी काहीतरी अडकतं आणि जीभ फिरून फिरून तिथेच जाते. ही तक्रार इतकी सर्रास आहे की बरेच जण 'इम्प्लांट म्हटलं की हे आलंच' म्हणून सोडून देतात. काही जण दुसऱ्या टोकाला जातात. प्रत्येक घासानंतर कोरत बसतात आणि धड असलेली हिरडी सुजवून घेतात.

मुळात 'अन्न अडकतं' या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. एकीत चावताना अन्न वरून दोन दातांच्या मध्ये ठोकलं जातं. दुसरीत ते गालाच्या किंवा जिभेच्या बाजूने, हिरडीलगतच्या फटीत शिरून बसतं. ('वरून' म्हणजे चावण्याच्या बाजूने. वरच्या जबड्यात ते खरं तर खालून होईल, पण समजून घ्या.) पहिलीचा इलाज डेंटिस्टच्या हातात आहे, दुसरीचा बहुतांशी तुमच्या. वरून घुसणाऱ्या अन्नावर महागातलं वॉटर फ्लॉसर (पाण्याच्या बारीक धारेने दातांच्या मधलं साफ करणारं यंत्र) घेऊन उपयोग नाही. ते रोज निघेल आणि रोज परत घुसेल. आणि बाजूने शिरणाऱ्या अन्नासाठी चांगली कॅप काढून नवी करायचा हट्ट धरला, तर नवीतही तेच होण्याची शक्यता भरपूर.

घरच्या घरी ओळखायचं कसं

अडकतं ते नेमकं कधी कळतं, याकडे दोन-तीन जेवणं लक्ष द्या. वरून घुसलेलं अन्न चावतानाच कळतं. पाचर मारल्यासारखा दाब येतो, कधी ठणकतं, आणि ते निघाल्याबरोबर हायसं वाटतं. हे बहुतेक वेळा तंतुमय असतं: मांसाचे धागे, पालेभाजीचे देठ, फळांचे रेषे. चूळ भरून ते हलत नाही. बाजूने शिरलेलं अन्न मात्र चावताना जाणवत नाही. जेवण झाल्यावर जीभ फिरवली की मऊ गोळा किंवा एखादी बी हाताला, म्हणजे जिभेला, लागते. दाब नसतो, आणि जोरात चूळ भरली तर निम्मं तरी निघून जातं.

मग फ्लॉस, म्हणजे दातांच्या मधून फिरवायचा बारीक दोरा घ्या, मेणाचा लेप असलेला. चांगल्या उजेडात, आरशासमोर, कॅप आणि शेजारचा दात यांच्यामधून तो वरून हळूच खाली उतरवा. जिथे दोन दात एकमेकांना टेकतात तिथे फ्लॉस क्षणभर अडतो आणि थोडा मागेपुढे केल्यावर 'टक्' करून खाली जातो. हे 'टक्' हवं. ते न होता फ्लॉस सरळ खाली पडला, तर दातांची तिथली गाठभेट सुटलेली आहे आणि अन्न वरूनच घुसतंय. कॅपच्या पुढची आणि मागची, दोन्ही बाजू तपासा आणि मग तोंडाच्या दुसऱ्या बाजूच्या तशाच दाढांमध्ये फ्लॉस घालून तुलना करा. काहींचे सगळेच दात मुळात थोडे सैल टेकलेले असतात, त्यामुळे तुलनेशिवाय निष्कर्ष काढू नये.

तिसरी शक्यता अशी की फ्लॉस जातो, पण येताना अडकतो, फाटतो, त्याचे धागे सुटतात. याकडे दुर्लक्ष नको. कॅपची कड बाहेर आलेली असू शकते, कॅप चिकटवायचं सिमेंट राहिलेलं असू शकतं, किंवा शेजारच्या खऱ्या दाताला कीड लागून तिथे खड्डा पडलेला असू शकतो. फ्लॉस फाटतो म्हणून जाड फ्लॉस आणायचा हा त्यावरचा उपाय नव्हे.

नुकतीच कॅप लागली असेल तर

कॅप बसवल्यावर पहिले काही महिने हिरडी अजून आपला आकार शोधत असते. दोन दातांच्या मधला हिरडीचा त्रिकोण या काळात थोडा भरून येऊ शकतो आणि बाजूने शिरणारं अन्न आपोआप कमी होतं. म्हणून बाजूची तक्रार असेल आणि हिरडी निरोगी असेल, तर थोडा धीर धरायला हरकत नाही. वरून घुसत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. नव्या कॅपपाशी फ्लॉस पहिल्या आठवड्यातच सरळ खाली पडत असेल, तर ती फट भरून येणार नाही. लगेच जाऊन दाखवा.

(शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, कॅप अजून लागलेलीच नाही आणि टाक्यांपाशी किंवा हिरडीतून डोकावणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीपाशी अन्न चिकटतंय, तर तो पूर्ण वेगळा विषय. तिथे फक्त शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच करायचं, ब्रश-फ्लॉसचे प्रयोग नकोत.)

सुरुवातीला घट्ट होती, मग फट आली कुठून?

हा प्रश्न पेशंट जरा रागानेच विचारतात, आणि तो रास्त आहे. उत्तर इम्प्लांटच्या गुणातच आहे. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे दाखवलं आणि १९६५ साली पहिल्या पेशंटला इम्प्लांट्स बसवली. इम्प्लांट टिकतं ते याच एकजीव होण्यामुळे. पण हाडाशी जखडलेली वस्तू हलत नाही. खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचा एक अगदी पातळ थर असतो, त्यामुळे तो चावताना किंचित दबतो आणि आयुष्यभर कणाकणाने सरकत राहतो, बहुतेक वेळा पुढे, समोरच्या दातांच्या दिशेने. रांगेतले सगळे हळूहळू पुढे सरकताहेत आणि मधला एक जण खांबाला बांधलेला आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पुढचा माणूस दूर जाणारच.

म्हणून ही फट बहुतेक वेळा इम्प्लांटच्या पुढच्या बाजूला पडते, मागच्या बाजूला कमी. ती कॅप बसवल्यावर काही महिन्यांतही दिसू शकते आणि काही वर्षांनीही. इम्प्लांटवरच्या कॅपची शेजारच्या दाताशी असलेली गाठ सुटणं ही जगभरच्या अभ्यासांत वारंवार नोंदलेली गोष्ट आहे. त्यामुळे फट पडली म्हणजे डॉक्टरांनी काम वाईट केलं, असं लगेच ठरवू नका. पण ती दाखवल्यावर 'असं होतंच' एवढंच उत्तर मिळालं, तर तेही पुरेसं मानू नका.

बाजूच्या फटीचं कारण निराळं. खालच्या मोठ्या दाढेचा माथा साधारण १० ते ११ मिलिमीटर रुंद असतो आणि तिची मानही बऱ्यापैकी जाड असते. इम्प्लांट मात्र साधारण ४ ते ५ मिलिमीटर जाडीचं. एवढ्याशा खांबावर दाढेएवढा माथा बसवला की माथ्याखाली दोन्ही बाजूंना पोकळी राहणारच. शिवाय दात काढून बराच काळ गेलेला असेल तर तिथलं हाड झिजून खाली गेलेलं असतं आणि हाड खाली गेलं की हिरडीही खाली जाते. दोन दात टेकतात ती जागा आणि हाडाची कड यांच्यातलं अंतर ५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर मधली हिरडी जवळजवळ नेहमी फट भरून टाकते. ६ मिलिमीटरला हे निम्म्याहून किंचित जास्त वेळा होतं आणि ७ मिलिमीटरला जेमतेम पाव वेळा. हे मोजमाप १९९२ सालच्या एका अभ्यासातलं आहे आणि खऱ्या दातांवर केलेलं आहे. एकमेकांशेजारी दोन इम्प्लांट्स असतील तर हिरडी याहूनही कमी चढते. थोडक्यात, मागे दाढांमध्ये हिरडीने न भरलेला असा काळा त्रिकोण दिसत असेल तर तो दोष म्हणून बघण्यापेक्षा साफसफाईची वाट म्हणून बघावा. ब्रश तिथूनच आत जाणार आहे.

वरून घुसत असेल तर: डेंटिस्टकडे काय होतं

सगळ्यात आधी कॅप हलते का ते बघा. दोन बोटांत, म्हणजे एक बोट गालाकडून आणि एक जिभेकडून धरून, हलकेच हलवा. किंचितही हलत असेल तर त्या बाजूने चावणं बंद आणि एक-दोन दिवसांत अपॉइंटमेंट. बहुतेक वेळा आतला स्क्रू सैल झालेला असतो. इम्प्लांट स्वतः शाबूत असतं आणि स्क्रू ठरलेल्या जोराने पुन्हा आवळला की काम होतं. पण सैल स्क्रूवर चावत राहिलात तर तो आतच तुटू शकतो आणि तुटका स्क्रू काढणं हे फार किचकट काम. कॅपबरोबर इम्प्लांटच हलत असेल तर मामला गंभीर आहे. त्याचा अर्थ हाडाची पकड गेली असा होतो.

कॅप पक्की आहे आणि फट पडली आहे, तर डॉक्टर मोजलेल्या जाडीची धातूची पातळ पट्टी दातांमध्ये सरकवून फट किती आहे ते बघतात. यापुढचा मार्ग कॅप कशी बसवली आहे यावर ठरतो. स्क्रूची, म्हणजे आतल्या स्क्रूने आवळलेली कॅप असेल तर सोपं. माथ्यावरचं फिलिंग उघडून कॅप काढायची, लॅबमध्ये तिच्या बाजूला पोर्सिलेन चढवायचं आणि परत बसवायची. सिमेंटने चिकटवलेली कॅप अशी अलगद निघेलच असं नाही, कधी ती फोडूनच काढावी लागते. अशा वेळी शेजारच्या दाताला आधीच जुनं फिलिंग असेल तर ते नव्याने, थोडं फुगीर करून फट बुजवणं हा व्यवहारी मार्ग असतो. शेजारचा दात पूर्ण निरोगी असेल तर केवळ फट बुजवायला तो कापून घेण्याआधी मी दहा वेळा विचार करेन. ज्यांचं इम्प्लांट अजून व्हायचं आहे त्यांनी 'कॅप स्क्रूची करता येईल का' हे आधीच विचारून ठेवावं. प्रत्येक जागी ते जमत नाही, पण जमलं तर पुढच्या सगळ्या दुरुस्त्या सोप्या होतात.

कधी फट नावालाच असते, पण समोरच्या जबड्यातल्या दाताचं एखादं टोक बरोबर तिच्यावर येऊन आपटतं आणि प्रत्येक चावण्याला अन्न आत ठासतं. ते टोक थोडं गोलसर केलं की वर्षभराची कटकट संपलेली पाहिली आहे. कॅपची आणि शेजारच्या दाताची कड एका उंचीला नसेल तरी असंच होतं. त्यामुळे 'फट बुजवा' असा आग्रह न धरता 'अन्न का घुसतंय ते बघा' असं म्हणावं.

आणखी एक गोष्ट पेशंटना उलटी वाटते. सगळ्यात जास्त त्रास रुंद फटीपेक्षा अगदी बारीक, केसभर फटीचा होतो. रुंद फटीत शिरलेलं अन्न निघूनही जातं. केसभर फटीत शिरतं आणि कुलूप लागतं. म्हणून 'एवढीशी तर फट आहे' हे वाक्य फसवं.

बाजूने शिरत असेल तर: साफ कशाने करायचं

इथे खरं काम इंटरडेंटल ब्रशचं, म्हणजे दातांच्या मधल्या फटीत घालायच्या बाटलीच्या ब्रशसारख्या दिसणाऱ्या छोट्या ब्रशचं. त्याची तार प्लॅस्टिकच्या आवरणाची हवी, उघडी धातूची तार इम्प्लांटवर घासायला नको. माप निवडताना नियम साधा आहे: केस सगळीकडे टेकले पाहिजेत, तार कुठेच घासता कामा नये. ढिला ब्रश आत-बाहेर करून समाधान मिळतं, स्वच्छता होत नाही. कॅपच्या पुढच्या आणि मागच्या फटीला वेगवेगळी मापं लागू शकतात. एकाच मापाने तोंडभर काम भागवणाऱ्यांच्या इम्प्लांटची मागची बाजू हमखास अस्वच्छ सापडते.

घालायची पद्धत सांगतो. तोंड आ वासून उघडू नका. अर्धवट मिटलंत की गाल सैल होतो आणि मागे हात पोचतो. ब्रशची मान बोटाने थोडी वाकवा, गालाकडून फटीत घाला, जोर न लावता. आत गेल्यावर आधी कॅपच्या बाजूला कलवून दोन-तीनदा मागेपुढे, मग शेजारच्या दाताच्या बाजूला कलवून तसंच. बाहेर काढून ब्रशकडे बघा. पांढुरका चिकट थर लागला असेल तर तो जीवाणूंचा थर आहे आणि मुख्य शत्रू तोच. लाल ठिपका दिसला तर खालचा हिरडीचा भाग नीट वाचा. मग हेच जिभेच्या बाजूने. हे सगळं रात्री झोपण्याआधी एकदा नीट केलं की पुरतं. दिवसा जेवणानंतर खळखळून चूळ आणि फार तर ब्रशचा एक हलका फेरा. दर तासाला कोरण्याने हिरडी मागे सरकते आणि फट आणखी मोठी होते.

वॉटर फ्लॉसर उपयोगी आहे, विशेषतः हाताची बोटं नीट चालत नसतील किंवा पूर्ण जबड्याचं काम झालं असेल तर. सुरुवात सगळ्यात कमी जोरावर करायची, पाण्याची धार दाताला काटकोनात धरायची आणि हिरडीच्या कडेने फिरवायची. धार सरळ हिरडीच्या आत रोखू नये. मात्र पाण्याने अन्न निघतं, चिकटलेला थर पूर्ण निघत नाही. म्हणून ते ब्रशच्या जोडीला, ब्रशच्या जागी नव्हे.

फ्लॉसबद्दल एक इशारा. तपासणीसाठी तो उत्तम. पण इम्प्लांटचे आटे उघडे पडले असतील किंवा कॅपची कड खडबडीत असेल, तर फ्लॉसचे धागे तिथे अडकून राहतात आणि मग तेच सूज धरून ठेवतात. अशा केसेस २०१६ साली प्रसिद्ध झाल्या आहेत, आणि अडकलेले धागे काढल्यावर बहुतेकांची हिरडी सुधारली. फ्लॉस फाटतोय असं दिसलं की तिथे फ्लॉस बंद. लाकडी दातकोरणं तर नकोच. त्याचं टोक मोडून आत राहतं. सेफ्टी पिनबद्दल काही लिहायची वेळ येऊ नये, पण येते.

ब्रश अजिबात आतच जात नाही, असं असेल तर तुमची चूक नाही. कॅपचा आकार फार फुगीर आहे किंवा ती हिरडीवर खोगीर घातल्यासारखी बसली आहे. अशी कॅप साफ ठेवणं कोणालाही अशक्य. तीच कॅप घासून किंवा काढून आकार बदलून घ्यावा लागतो. इम्प्लांटमधून कॅप फार तिरकी, ३० अंशांहून जास्त बाहेर फुगत असेल तर भोवतालचा आजार जास्त आढळतो, हेही अभ्यासांत दिसलं आहे.

हिरडी: रक्त, सूज, वास

अडकलेलं अन्न स्वतःहून इम्प्लांट पाडत नाही. पण ते जिथे रोज साचतं तिथे जीवाणूंचा थर निवांत वाढतो, आणि इम्प्लांटभोवतीची हिरडी त्याला कमी प्रतिकार करते. खऱ्या दातात हिरडीचे तंतू मुळाच्या आवरणात रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते बहुतांशी समांतर किंवा गोलाकार असतात, आत रुतत नाहीत. रक्तपुरवठाही तुलनेने कमी. त्यामुळे सूज एकदा सुरू झाली की खोल जायला तिला आडकाठी कमी.

आजाराच्या पायऱ्या दोन. पहिलीत फक्त हिरडी सुजते. लाल होते, ब्रशने रक्त येतं, हाड शाबूत असतं. ही परतवता येते, पण लगेच नाही. कारण दूर करून साफसफाई नीट सुरू केल्यावरही पूर्ण बरं व्हायला तीन आठवड्यांहून जास्त लागू शकतात. चार दिवस ब्रश करून 'रक्त थांबत नाही' म्हणून सोडून देणारे इथेच घात करून घेतात. रक्त येतं तिथे ब्रश कमी नाही, जास्त नीट करायचा असतो. दुसऱ्या पायरीत हाड झिजू लागतं. हे झिजलेलं हाड आपोआप भरत नाही आणि बऱ्याचदा हे सगळं अजिबात न दुखता चालतं. म्हणून 'दुखत नाही, म्हणजे ठीक आहे' हा हिशोब इम्प्लांटला लावू नये.

फरक डोळ्यांनी ओळखता येत नाही. बारीक सळईसारख्या उपकरणाने हलक्या हाताने खोली मोजावी लागते आणि एक्स-रे काढावा लागतो. इम्प्लांटभोवती असं मोजल्याने नुकसान होतं हा जुना गैरसमज. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेल्या व्याख्येप्रमाणे, जुनी नोंद हाताशी नसेल तर रक्त किंवा पू, ६ मिलिमीटर किंवा जास्त खोली आणि ३ मिलिमीटर किंवा जास्त हाड गेलेलं, या तिन्ही गोष्टी मिळून हाडाचा आजार मानतात. 'जुनी नोंद नसेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कॅप बसवल्या दिवशीचा एक्स-रे असेल तर हाड किती कमी झालं हे बरंच आधी कळतं. त्याची प्रत डॉक्टरांकडून मागून स्वतःपाशी ठेवा. डॉक्टर बदलतात, दवाखाने बदलतात, फाइल हरवते.

आता तीन गोष्टी, ज्यांचं खापर उगाच अन्नावर किंवा इम्प्लांटवर फुटतं.

एक, सिमेंट. चिकटवलेल्या कॅपच्या कडेखाली हिरडीत सिमेंटचा कण राहून गेला तर तिथे सूज येत राहते, तुम्ही कितीही घासा. ती लगेच येते असंही नाही, वर्षांनीही येते. २००९ सालच्या एका अभ्यासात, आजाराची चिन्हं असलेल्या इम्प्लांट्सपैकी ८१ टक्क्यांभोवती जास्तीचं सिमेंट सापडलं, आणि ते काढल्यावर बहुतेक जागी सूज गेली. कॅप सिमेंटची आहे, सफाई चोख आहे आणि तरी एकाच जागी रक्त येतंय, तर हा संशय डॉक्टरांना बोलून दाखवा.

दोन, शेजारचा दात. इम्प्लांट किडत नाही, शेजारचा खरा दात किडतो, आणि वरून घुसणाऱ्या अन्नाचा खरा बळी बहुधा तोच असतो. कीड त्याच्या मुळापाशी, फटीच्या आत, दिसणार नाही अशा जागी लागते. थंड पाण्याने 'इम्प्लांट झिणझिणतं' असं वाटत असेल तर नीट आठवा: इम्प्लांटला नस नसते. झिणझिणतो तो शेजारचा.

तीन, कॅपच्या माथ्यावरचं फिलिंग. स्क्रूच्या भोकावरचं फिलिंग झिजलं की तिथे अन्न आणि वास दोन्ही साचतात. पाच मिनिटांचं काम असतं, पण लोक महिनोन्महिने माउथवॉश करत बसतात.

माउथवॉशचं म्हणाल तर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या माउथवॉशचा थोड्या दिवसांपुरता उपयोग आहे. जास्त दिवस वापरलात तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. फट तशीच ठेवून अँटिबायोटिकचे कोर्स घेणं तर निव्वळ लपवाछपवी. गोळ्या असेपर्यंत बरं, नंतर पुन्हा तेच.

धूम्रपान करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तंबाखूमुळे हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणजे धोक्याची घंटा वाजतच नाही, आजार मात्र आत चालू असतो. ज्यांची साखर ताब्यात नाही आणि ज्यांचे मूळ दातच हिरडीच्या आजाराने गेले, त्यांनीही रक्ताची वाट न बघता दर तीन-चार महिन्यांनी तपासणी ठेवावी. इतरांना सहा महिन्यांनी चालतं.

पू, सतत येणारी घाण चव, फुगलेली हिरडी, हिरडीखालून डोकावणारे धातूचे आटे, चावताना दुखणं किंवा हलणं: यांपैकी एकही असेल तर घरचे प्रयोग थांबवून त्याच आठवड्यात दाखवा. सूज चेहऱ्यावर पसरली, ताप आला, किंवा तोंड उघडायला अथवा गिळायला त्रास होऊ लागला तर त्याच दिवशी.

डॉक्टरांना सांगायचं काय

'अन्न अडकतं' एवढंच सांगितलंत तर बहुतेकदा क्लीनिंग करून घरी पाठवतील. त्याऐवजी असं सांगा: कॅपच्या पुढच्या बाजूला अडकतं की मागच्या, चावताना दाब येतो की नंतर कळतं, पहिल्या दिवसापासून होतं की काही काळाने सुरू झालं, फ्लॉस 'टक्' करतो, सरळ पडतो की फाटतो, इंटरडेंटल ब्रशवर रक्त दिसतं का आणि किती दिवस. शक्य असेल तर जेवून, न कोरता जा. लाज वाटते, पण अडकलेलं अन्न जागेवर बघितलं की निदानाचा निम्मा वेळ वाचतो.

पूर्ण जबड्याचं, चार किंवा सहा इम्प्लांट्सवरचं काम झालेल्यांना वरची फ्लॉसची परीक्षा लागू होत नाही. तिथे दात आणि हिरडी यांच्यामध्ये सफाईसाठी मुद्दाम जागा सोडलेली असू शकते आणि अन्न खालून शिरणारच. तिथे वॉटर फ्लॉसर आणि प्रत्येक इम्प्लांटभोवती एका झुपक्याचा छोटा ब्रश हे रोजचं. हिरडीकडची बाजू खोलगट असून काहीच आत जात नसेल, तर ते काम काढून घेऊन खालचा आकार बदलून मिळतो का, ते विचारा.

फट बुजवून आणल्यावर त्याच दिवशी फ्लॉस घालून 'टक्' किती घट्ट आहे ते हाताला ओळखीचं करून घ्या. शेजारचे दात सरकायचे थांबलेले नाहीत. तीच फट पुन्हा पडू शकते, म्हणून महिन्यातून एकदा ही परीक्षा चालू ठेवा. फट वारंवार पडत असेल तर रात्री घालायचा रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारा साचा) देता येईल का, याची डॉक्टरांशी चर्चा करा. 'टक्' सैल वाटायला लागला की शेजारचा दात किडायच्या आत अपॉइंटमेंट घ्या.